जुन्या संगणकाचा सिरियल पोर्ट: वाचकांचे प्रश्न

बीबीसी मायक्रो या जुन्या घरगुती संगणकाच्या सिरियल पोर्टवरून (एकामागून एक बिट पाठवणारं जोडस्थान) लॅपटॉपवर एकही अक्षर येत नाही. वेग दोन्हीकडे ९६०० बॉड, केबलही नवी. पोर्ट गेला का? (गिरगाव)

पोर्ट सहसा एवढ्यात जात नाही. मागचा पाच पिनांचा गोल डिन प्लग उलटासुलटा, दोन्ही प्रकारे बसतो. आधी तो काढून फिरवून लावा. दुसरं, सांगितल्याशिवाय हे मशीन पोर्टवर काही पाठवतच नाही. कीबोर्डवरून स्टार-एफएक्स ३,१ (*FX 3,1) ही आज्ञा दिली की पडद्यावरचं सगळं पोर्टवरही जातं.

तरीही शांतता असेल तर मल्टिमीटर घ्या. ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या तारेच्या) तुलनेत, काही पाठवत नसताना, ज्या तारेवर सुमारे उणे ५ व्होल्ट दिसतील ती पाठवणारी. लॅपटॉपच्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर ती तार २ नंबरला गेली पाहिजे, कारण तिथे ३ वरून लॅपटॉप स्वतः बोलतो. पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर हेच दोन आकडे उलटे असतात, आणि केबल करून देणारे बहुधा इथेच फसतात. शेवटचा संशयित सीटीएस, म्हणजे ‘आता पाठवा’ असा होकार आणणारी तार. समोरून होकार मिळेपर्यंत बीबीसी थांबून राहतो. तपासण्यापुरतं बीबीसीच्याच बाजूला आरटीएस ही तिच्या जोडीची तार आणि सीटीएस एकमेकींना जोडा. अक्षरं आली तर दोष हँडशेकच्या, म्हणजे या होकार देण्याघेण्याच्या, तारांत.

लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणला. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या युझर पोर्टला (बाहेरची उपकरणं जोडायची मागची जागा) थेट लावू का? (मुलुंड)

नऊ पिनांचा असेल तर मुळीच नको! त्यावर अधिक-उणे व्होल्टेज येतं, आणि युझर पोर्ट ० ते ५ व्होल्टचा. मधे व्होल्टेज जुळवणाऱ्या मॅक्स२३२ चिपची पट्टी लागतेच, नाहीतर युझर पोर्ट सांभाळणारी ६५२६ चिप जाईल, आणि ती आता शोधत फिरावी लागते. एक हमखास राहणारी गोष्ट: येणारा डेटा युझर पोर्टच्या बी आणि सी या दोन्ही पिनांना द्यायचा. बी वर अक्षर सुरू झाल्याची चाहूल लागते, सी वरून बिट वाचले जातात. एकच जोडली तर पाठवणं चालतं, घेणं नाही. वेग १२०० ठेवून सुरुवात करा. लहान-मोठी अक्षरं उलटी दिसली तर तो बिघाड नव्हे. कमोडोरचा अक्षरसंच आस्की या सर्वसाधारण अक्षरसंचापेक्षा वेगळा आहे.

केबल लावताना हाताला झिणझिण्या येतात. (परळ, चाळ)

बहुधा सॉकेटला अर्थिंग नाही. दोन पिनांच्या अडॅप्टरची गळती संगणकाच्या धातूवर येते, करंट थोडा, पण सिरियलच्या चिपला तेवढाही पुरतो. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. तोवर केबल लावायची ती दोन्ही मशीनचे प्लग भिंतीतून काढूनच.

पावसाळ्यातच कनेक्शन तुटतं. (वरळी)

खारी दमट हवा. पिनांवर हिरवट थर दिसेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कनेक्टर दोन-चार वेळा काढून घाला. सँडपेपर नको, मुलामा निघतो.