‘आहे’ आणि ‘असतोच’: ऑन्टॉलॉजीच्या बांधणीविषयी प्रश्नोत्तरे

ज्ञानक्षेत्राची ऑन्टॉलॉजी बांधायला घेतलेल्या मंडळींची पत्रे वाचताना लक्षात येते की प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेले असले, तरी त्यांतले बरेचसे एकाच घोळातून निघालेले असतात. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. ज्यांना थोडक्यात उत्तर पुरते, त्यांना थोडक्यात दिले आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, आणि ते लांबायलाच हवे होते.

प्रश्न १ : पारिभाषिक कोश, वर्गीकरण आणि ऑन्टॉलॉजी यांत नेमका फरक कोणता?

कोश शब्दाचा अर्थ माणसाला सांगतो, वर्गीकरण वस्तू कोणत्या कप्प्यात ठेवायची ते सांगते, आणि ऑन्टॉलॉजी त्या क्षेत्रात कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत व त्यांचे परस्परांशी कोणते संबंध आहेत, हे यंत्राला त्यावरून अनुमान काढता येईल इतक्या काटेकोरपणे मांडते. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली ऑन्टॉलॉजीला संकल्पनांच्या मांडणीचे सुस्पष्ट विधान म्हटले. त्या व्याख्येतला सगळा भार ‘सुस्पष्ट’ या शब्दावर आहे. जे तज्ज्ञाच्या डोक्यात आहे पण विधानात उतरलेले नाही, ते ऑन्टॉलॉजीत नाही.

प्रश्न २ : आमच्याकडे दोनशे-अडीचशे संज्ञा आहेत आणि त्यांच्या आधारे दस्तऐवज शोधता यावेत एवढीच अपेक्षा आहे. ऑन्टॉलॉजी बांधावी का?

बांधू नये. समानार्थी शब्द, व्यापक व संकुचित संज्ञा आणि संबंधित संज्ञा एवढे नोंदवण्यासाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००९ साली शिफारस केलेली स्कॉस ही पद्धत पुरेशी आहे.

प्रश्न ३ : यंत्रांच्या देखभालीच्या क्षेत्रासाठी आम्ही प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी लिहिण्याचे साधन उघडले आणि वर्गांची उतरंड काढत गेलो. चाळीस वर्ग झाल्यावर पुढे काय करावे, हे कळेनासे झाले. चूक कुठे झाली?

प्रोटेजे उघडण्यात. ते साधन उत्तम आहे आणि मोफतही आहे, पण ते पहिल्या दिवशी उघडायचे नसते. आधी एका कोऱ्या कागदावर, ही ऑन्टॉलॉजी वापरून कोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत, ते प्रश्न संपूर्ण वाक्यांत लिहून काढायचे असतात. मायकेल ग्रुनिंगर आणि मार्क फॉक्स यांनी १९९५ साली ही रीत मांडली आणि अशा प्रश्नांना क्षमतेचे प्रश्न म्हटले. उतरंड कुठे थांबवायची हे उतरंडीकडे पाहून कधीच कळत नाही, ते प्रश्नांवरूनच कळते.

आपल्याच क्षेत्रातला एक प्रश्न घेऊन पाहू: ‘शेवटच्या तपासणीनंतर ज्यांचे सील बदललेले नाही, असे पंप कोणते?’ या एका वाक्यातून पंप, सील आणि तपासणी हे वर्ग निघतात, हे कोणालाही दिसते. सहज न दिसणारी गोष्ट अशी की ‘बदललेले’ हा पंपाचा गुण नसून ती एक घटना आहे. तिला तारीख आहे, ती करणारा तंत्रज्ञ आहे, जुने सील आहे आणि नवे सील आहे. पंपाला ‘सील बदलले : होय’ असा गुणधर्म चिकटवून मोकळे झालात, तर दुसऱ्यांदा सील बदलताना तो ‘होय’ कोणत्या वेळचा, याचे उत्तर कोणाकडेच राहणार नाही. असे वीस-पंचवीस प्रश्न लिहा, ते प्रत्यक्ष देखभाल करणाऱ्या माणसांकडून तपासून घ्या आणि मगच चाळीस वर्गांकडे परत या. त्यांतले अनेक वर्ग कोणत्याच प्रश्नाला लागत नाहीत, असे आढळेल. ते निःसंकोच काढून टाका.

प्रश्न ४ : आमच्या आरोग्यविषयक मांडणीत ‘हृदय’ हा वर्ग ‘रक्ताभिसरण संस्था’ या वर्गाखाली ठेवला आहे आणि ‘व्यक्ती’ व ‘कंपनी’ हे दोन्ही वर्ग ‘ग्राहक’ या वर्गाखाली ठेवले आहेत. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, मग परीक्षकाने त्यावर आक्षेप का घ्यावा?

परीक्षकाचे आभार माना. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, याचे कारण वाचणारा माणूस आहे आणि आपली चूक तो मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. यंत्र ती दुरुस्त करत नाही, ते तिच्यावर पुढचे मजले चढवते.

या घोळाचे मूळ ‘आहे’ या आपल्या रोजच्या क्रियापदात दडलेले आहे. पुढची चार वाक्ये पाहा. ग्रह ही खगोलीय वस्तू आहे. शुक्र हा ग्रह आहे. शुक्र सूर्यमालेत आहे. पहाटेची चांदणी ही शुक्रच आहे. बोलताना चारही ‘आहे’ सारखेच वाटतात. परंतु पहिले एक वर्ग दुसऱ्या वर्गाचा प्रकार असल्याचे सांगते, दुसरे एक नग वर्गात मोडत असल्याचे सांगते, तिसरे भाग आणि पूर्ण यांचा संबंध सांगते, आणि चौथे दोन नावे एकाच वस्तूची असल्याचे सांगते. यांतल्या पहिल्याच ‘आहे’साठी उपवर्गाचा बाण वापरायचा असतो. बाकीच्या तिघांसाठी तोच बाण वापरला, तर शुक्र हा ग्रह आहे, ग्रह हा खगोलशास्त्रातला एक वर्ग आहे, म्हणून शुक्र हा वर्ग आहे, असले अनुमान निमूटपणे बाहेर पडते.

यावर एक साधी कसोटी आहे आणि ती मी प्रत्येक पत्रलेखकाला सांगत आलो आहे: बाण काढण्यापूर्वी ‘आहे’च्या जागी ‘प्रत्येक अमुक हा तमुक असतोच’ असे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. ‘प्रत्येक हृदय ही रक्ताभिसरण संस्था असतेच’ हे वाक्य तोंडातून निघताच खोटे वाटते, कारण हृदय हा त्या संस्थेचा भाग आहे, प्रकार नव्हे. ‘प्रत्येक व्यक्ती ही ग्राहक असतेच’ हेही तितकेच खोटे आहे, आणि आपल्या बाणाने नेमके तेच म्हटले आहे. ग्राहक व्यक्तीही असू शकतो आणि कंपनीही असू शकते, हे आपल्याला सांगायचे होते, पण बाणाला ‘असू शकतो’ ही भाषाच कळत नाही. ग्राहकपण ही भूमिका आहे. ती येते आणि जाते, व्यक्ती मात्र व्यक्तीच राहते. निकोला ग्वारिनो आणि क्रिस्टोफर वेल्टी यांनी ऑन्टोक्लीन या पद्धतीत हाच नियम बांधून दिला: जो गुण वस्तू अस्तित्वात असेपर्यंत तिला सोडत नाही तो दृढ, आणि ज्याच्यावाचून वस्तू तीच राहू शकते तो अदृढ; आणि अदृढ वर्गाखाली दृढ वर्ग ठेवायचा नाही. भूमिका म्हणून वेगळा वर्ग करा आणि ती भूमिका कोण बजावतो, हे एका संबंधाने जोडा.

हा पंडिती कीस आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी वैद्यकातलेच उदाहरण देतो. स्नोमेड सीटी ही साडेतीन लाखांहून अधिक संकल्पनांची वैद्यकीय संज्ञाप्रणाली आहे आणि तिच्यामागे जाणत्या लोकांचे अनेक वर्षांचे काम आहे. अवयव आणि त्याचा भाग हे नाते तिथे एके काळी प्रकार-संबंधाच्या आडवाटेने मांडले होते. हेतू चांगलाच होता: बोटातले हाड मोडले म्हणजे हातातले हाड मोडले, हे अनुमान आपोआप मिळावे. पण तीच वाट शस्त्रक्रियांनाही लागू झाली आणि बोट कापणे हा हात कापण्याचा एक प्रकार ठरला. अभ्यासकांनी ही चूक उघड केली, म्हणून आज ती सांगता येते. हाड मोडण्याच्या बाबतीत ‘जिथे घडले’ आणि ‘ज्याचा भाग’ या दोन संबंधांची साखळी जोडून तेच अनुमान रीतसर मिळते, आणि ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या आउल या भाषेच्या २००९ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत, आउल २ मध्ये, तशी सोय आहे. शस्त्रक्रियेला ती साखळी जोडायची नाही, एवढे भान मात्र माणसालाच ठेवावे लागते.

आपली मांडणी आरोग्याशी संबंधित असल्यामुळे केवळ या उत्तरावर विसंबू नका. संपूर्ण उतरंड एका वैद्यकीय तज्ज्ञाला आणि तर्कशास्त्राची जाण असलेल्या एका ऑन्टॉलॉजीकाराला शेजारी-शेजारी बसवून तपासून घ्या. वेगवेगळे बसवले, तर दोघेही आपापल्या परीने होकार देतील आणि चूक मधल्या फटीत राहून जाईल.

प्रश्न ५ : ‘दुरुस्त केला’ हा संबंध तंत्रज्ञाकडून पंपाकडेच जाईल, असे आम्ही आउलमध्ये नोंदवले. तरीही कोणीतरी पंपाच्या जागी इमारत भरली आणि रीझनरने (विधानांवरून अनुमान काढणाऱ्या प्रणालीने) चूक दाखवली नाही. साधन बिघडले आहे का?

साधन ठीक आहे, आपली अपेक्षा चुकीची आहे. संबंधाच्या दोन टोकांना कोणता वर्ग असतो ही नोंद आउलमध्ये अटकाव करत नाही, ती अनुमानाला आधार देते. म्हणून रीझनरने ती इमारत पंप असल्याचा निष्कर्ष काढला असणार, उघडून पाहा. पंप आणि इमारत हे वर्ग परस्परांपासून विभक्त असल्याचे, म्हणजे एकच वस्तू दोन्हींत मोडू शकत नसल्याचे, आपण सांगितले असते, तरच विसंगती दिसली असती. याच स्वभावामुळे नोंद नसलेली तपासणी ‘झाली नाही’ असे आउल मानत नाही, ‘माहीत नाही’ असे मानते. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नातल्या ‘बदललेले नाही’चे उत्तर रीझनरकडून मिळत नाही, ते स्पार्कल या माहिती विचारण्याच्या भाषेतल्या विचारणीने काढावे लागते. भरलेल्या माहितीची तपासणी करायची असेल, तर २०१७ साली शिफारस झालेली शॅकल ही वेगळी भाषा त्यासाठीच आहे. दोन्ही कामे एकाच हत्याराने करण्याचा आग्रह सोडा.

प्रश्न ६ : एक विक्रेता आमच्या क्षेत्राची ‘तयार आणि सर्वसमावेशक’ ऑन्टॉलॉजी देऊ करतो आहे. घ्यावी का?

सर्वसमावेशक हा शब्द ऐकला की मी खिसा आवळून धरतो. मी पाहिलेल्या अशा एका तयार मालात जुन्या डेटाबेसच्या कोष्टकांना वर्ग आणि रकान्यांना गुणधर्म म्हटले होते, विभक्त वर्गांचे एकही विधान नव्हते, आणि संपूर्ण फाइल त्या विक्रेत्याच्या स्वतःच्या साधनाखेरीज कुठेही उघडत नव्हती. पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी मागा: प्रमाणित आउल स्वरूपातली फाइल, प्रत्येक वर्गाची शब्दांत लिहिलेली व्याख्या, आणि आपले क्षमतेचे प्रश्न त्या फाइलवर आपल्यासमोर चालवून दाखवणे. पुढल्या वर्षी करार संपल्यावर फाइल आपल्याकडे राहते की नाही, हे परवान्याच्या मजकुरात कायदेतज्ज्ञाकडून पाहून घ्या. शिवाय पायाभूत भाग विकत घेण्याची गरजच नसते. आयएसओ/आयईसी २१८३८-२ या २०२१ च्या मानकात समाविष्ट झालेली बीएफओ ही वरच्या थरातली, म्हणजे कोणत्याही क्षेत्राला चालतील असे व्यापक वर्ग देणारी, ऑन्टॉलॉजी आणि माहितीचा उगम नोंदवणारी डब्ल्यूथ्रीसीची प्रोव्ह-ओ या दोन्ही मोफत उपलब्ध आहेत.

प्रश्न ७ : भाषाप्रारूपाला सांगितले की ते काही मिनिटांत ऑन्टॉलॉजी तयार करून देते, असे ऐकले. मग तज्ज्ञांचा वेळ का घ्यावा?

ऐकले असेल, तपासले आहे का? प्रारूप संज्ञांची कच्ची यादी आणि व्याख्यांचे पहिले मसुदे चांगले काढून देते, आणि तेवढ्यासाठी ते जरूर वापरावे. पण ते मजकुरातले ‘आहे’ गोळा करते आणि चौथ्या उत्तरातले चारही ‘आहे’ एकाच बाणाने जोडून ठेवू शकते. ही चूक वाचायला इतकी सफाईदार असते की थकलेला परीक्षक तिच्यावरून सहज पुढे जातो. रीझनर चालवून सगळे पकडता येईल, असाही समज दिसतो. विभक्ततेची विधाने नसतील, तर रीझनरला पकडण्यासारखे फारच थोडे मिळते. प्रत्येक बाणावर विषयतज्ज्ञाचा होकार नोंदवला जात नाही तोवर ती यादीच आहे.

प्रश्न ८ : वर्गांच्या ओळखचिन्हात मराठी नाव ठेवावे की इंग्रजी?

कोणतेच नाही. अर्थहीन क्रमांक द्या आणि नावे लेबलात ठेवा, म्हणजे उद्या नाव बदलले तरी ओळख बदलत नाही. जनुकांच्या कार्याचे वर्णन करणाऱ्या जीन ऑन्टॉलॉजीत जैविक प्रक्रियेची ओळख ‘०००८१५०’ अशी आहे, आणि तिचे काही अडलेले नाही.

प्रश्न ९ : आमच्या समितीत मुख्य व्याख्यांवर दोन वर्षे चर्चा चालू आहे. व्याख्या पक्क्या झाल्याशिवाय प्रसिद्ध करू नये, असे अध्यक्षांचे मत आहे.

अध्यक्षांना सांगा की खगोलशास्त्रज्ञांनाही ग्रहाची व्याख्या २००६ साली नव्याने करावी लागली आणि प्लूटोला बटुग्रहांत जावे लागले. तोपर्यंत खगोलशास्त्र थांबलेले नव्हते. जीन ऑन्टॉलॉजीचे काम १९९८ साली फळमाशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या माहितीसाठ्यांनी मिळून सुरू केले आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही निघतात. जी संज्ञा चुकीची ठरते ती तिथे पुसून टाकत नाहीत, ती कालबाह्य असल्याची खूण करतात आणि शक्य असेल तिथे पर्यायी संज्ञा सुचवतात, म्हणजे जुन्या नोंदी निराधार होत नाहीत. आपणही वादग्रस्त वर्गांवर ‘विचाराधीन’ अशी खूण करून, बाकीचा भाग आवृत्ती क्रमांकासह खुला करा. पहिल्या महिन्यात वापरणाऱ्यांकडून जे कळेल, ते दोन वर्षांच्या इतिवृत्तांत सापडणार नाही. मतभेद खरोखर विषयातलेच असतील, तर समितीबाहेरच्या एखाद्या तज्ज्ञाचे लेखी मत घ्या आणि तेही आवृत्तीसोबत ठेवा.

प्रश्न १० : आमचा ‘पंप’ आणि दुसऱ्या एका ऑन्टॉलॉजीतला ‘पंप’ यांना सरळ ‘समान’ म्हणून जोडले तर चालेल का?

दोन्ही व्याख्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय चालणार नाही. आउलमध्ये दोन वर्ग समान ठरवले की एकाविषयीचे प्रत्येक विधान दुसऱ्याला लागू होते. त्यांच्या ‘पंप’मध्ये हाताने चालवायचे पंप मोडत असतील आणि आपण ‘प्रत्येक पंपाला मोटर असतेच’ असे म्हटले असेल, तर त्यांच्या हातपंपांनाही मोटर असल्याचे अनुमान निघेल. शंका असेल तिथे स्कॉसमधला ‘जवळची जोडी’ हा सैल संबंध वापरा, आणि त्या ऑन्टॉलॉजीचा सांभाळ करणाऱ्यांना एक पत्र लिहून विचारा.