२४ हजारांचा फिल्टर आणि कार्डावरची १ लाख ६० हजारांची बाकी

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, घरातल्या चार फुटी मत्स्यटाकीसाठी २४,००० रुपयांचा जर्मन बनावटीचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीखालच्या कॅबिनेटमध्ये ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डबा) घ्यावा, की ८,५०० रुपयांचा चिनी. वय ३८, पत्नी घर सांभाळते, मुलगी आठ वर्षांची, हातात येणारा पगार ९२,००० आणि त्यातून गृहकर्जाचा हप्ता ३४,०००. महाग फिल्टर ते क्रेडिट कार्डावर 'नो कॉस्ट ईएमआय'ने, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांनी, घेणार आहेत आणि डिस्कस माशांची पिल्ले विकून वर्षभरात त्याचे पैसे वसूल होतील, असा त्यांचा अंदाज आहे. पत्राच्या शेवटी मात्र ओघात एक वाक्य आले आहे: "कार्डावर १,६०,००० रुपये बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू मी दर महिन्याला वेळेवर भरतो, त्यामुळे व्याजाचा प्रश्न येत नाही."

फिल्टरकडे मी शेवटी येईन, कारण व्याजाचा प्रश्न तर येतोच, आणि तो फिल्टरच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरल्याने तुमचा केवळ उशिराचा दंड वाचतो. उरलेल्या बाकीवर व्याज चालूच राहते. तुम्ही सोबत पाठवलेल्या स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर 'फायनान्स चार्जेस' अशी ओळ आहे आणि तिच्या खालोखाल त्या व्याजावरचा जीएसटी आहे. या दोन ओळी तुम्ही आजवर वाचलेल्या दिसत नाहीत. व्याजाचा दर महिन्याला ३.६ टक्के असा छापला आहे. १,६०,००० वर ते साधारण ५,७०० रुपये होतात आणि १८ टक्के जीएसटी धरला की ६,८००. तुम्ही भरता ८,०००, म्हणजे मुद्दल कमी होते जेमतेम बाराशेने. वर्षाकाठी हा दर ५१ टक्क्यांच्या आसपास जातो. बाकी जशी घटेल तशी मिनिमम ड्यूची रक्कमही घटत जाते, त्यामुळे कार्डावर एक रुपयाही नवा खर्च केला नाही तरी हे कर्ज निम्मे व्हायला सात-आठ वर्षे लागतील. शिवाय जुनी बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरचे पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळत नाहीत. या महिन्यात कार्डाने भरलेल्या किराणा बिलावरही तुम्ही खरेदीच्या दिवसापासून व्याज देत आहात.

ही बाकी झाली कशी, हेही पत्रातच आहे. टाकी, कॅबिनेट आणि दिवे यांचे ४५,००० कार्डावर गेले, हे एक वेळ समजू शकते. पण त्याआधी विमा पॉलिसीचा १ लाखाचा हप्ता तुम्ही 'रिवॉर्ड पॉइंट मिळतात म्हणून' कार्डाने भरला आणि त्याबद्दल तुम्हाला पाचशे रुपयांचे व्हाउचर मिळाले. त्या एका लाखावरचे व्याज महिन्याला चार हजारांहून अधिक होते.

आता ही पॉलिसी पाहू. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने ती तुम्हाला 'एफडीपेक्षा सुरक्षित आणि वर विमा मोफत' असे सांगून विकली. दहा वर्षे दरवर्षी १ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेरीस २० लाख मिळवायचे. रक्कम दुप्पट होते हे ऐकायला बरे वाटते, परंतु तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षे अडकतो आणि परतावा साडेचार टक्क्यांच्या घरात येतो. पीपीएफचा दर २०२० पासून ७.१ टक्के आहे. तो बदलू शकतो हे मान्य करूनही, याच दराने हेच हप्ते विसाव्या वर्षी २९ लाखांच्या पुढे गेले असते. राहिला मोफत विमा, तर तो दहा लाखांचा आहे; एकट्याच्या कमाईवर चालणाऱ्या तुमच्या घराला तो वर्षभरही पुरणार नाही. थोडक्यात, साडेचार टक्के मिळवण्यासाठी तुम्ही ५१ टक्क्यांनी कर्ज काढले आहे. हा सौदा समोर बसून तुमच्या गळ्यात मारणारा माणूस बँकेच्या गणवेशात होता, एवढ्यावरून तो सल्ला ठरत नाही.

म्हणून पहिले काम असे करा. 'अडीअडचणीसाठी' ठेवलेली २ लाखांची एफडी या आठवड्यात मोडा आणि कार्डाची बाकी शून्य करा. एफडीवर तुम्हाला ७ टक्क्यांनी वर्षाला १४,००० मिळतात, तेही करपात्र. मुदतीआधी मोडल्याचा दंड दीड-दोन हजारांच्या आसपास बसेल. दुसऱ्या बाजूला कार्डाचे वर्षाचे व्याज ८० हजारांवर जाते. अडचण येईल तेव्हा वापरायची म्हणून तुम्ही ही एफडी राखली आहे, पण ती अडचण तुमच्या खिशातल्या कार्डावर येऊन बसली आहे. ४० हजार उरतील. दरमहा जे ८,००० कार्डाला जात होते, ते पुढच्या महिन्यापासून रिकरिंगमध्ये टाका.

मार्चमध्ये तुम्हाला दीड लाखाचा बोनस मिळतो आणि त्याच महिन्यात पॉलिसीचा तिसरा हप्ता आहे. तो भरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन हप्ते पूर्ण भरलेले असल्यामुळे पॉलिसीला काही सरेंडर मूल्य, म्हणजे ती मध्येच बंद केल्यास परत मिळणारी रक्कम, असेल. ते किती, आणि हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली (म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच घटलेल्या रकमेवर चालू ठेवली) तर शेवटी किती मिळेल, हे दोन आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा. तोंडी उत्तर स्वीकारू नका. भरलेले दोन लाख बुडतील, ही भीती स्वाभाविक आहे. तरीही हिशेब असा आहे की, ते दोन्ही लाख सबंध बुडाले असे धरले, तरी पुढचे आठ हप्ते भरून मिळणारा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आतच राहतो, म्हणजे पीपीएफपेक्षा कमी. आणि सरेंडरचे थोडेफार पैसे हाती आले तर पॉलिसी चालू ठेवण्याची बाजू आणखी लंगडी होते. फक्त क्रम पाळा: आधी १ कोटीचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) घ्या. निर्व्यसनी असाल तर तुमच्या वयाला त्याचा हप्ता वर्षाला साधारण पंधरा-वीस हजार असतो. तो हाती आल्यावरच जुनी पॉलिसी थांबवा.

आता 'नो कॉस्ट ईएमआय'. तुम्हीच लिहिता की, दुकानदार हाच फिल्टर यूपीआयने पैसे दिल्यास २२,५०० ला देतो. मग हप्त्यांची किंमत दीड हजार झाली. वर प्रोसेसिंग फी आणि हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी लागेल तो वेगळा. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. नाव बदलून तीच चीज विकली जात आहे.

डिस्कसची पिल्ले विकून पैसे वसूल करण्याचा विचार मात्र आजच सोडून द्या, कारण तो फिल्टरच्या बाबतीतही चुकीचा आहे. डिस्कसची पैदास करणारे लोक रिकाम्या तळाच्या वेगळ्या टाकीत हवेवर चालणारा स्पंज फिल्टर वापरतात, जो काही शे रुपयांत मिळतो. कॅनिस्टरच्या नळीत पिल्ले ओढली जातात. पहिले काही दिवस पिल्ले आईबापांच्या अंगावरच्या चिकट स्रावावर जगतात, पाणी २८ ते ३० अंश ठेवावे लागते आणि जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात अंडी फुटत नाहीत. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे आणि टँकरचे पाणी येते, असे तुम्ही लिहिले आहे. पुण्याच्या डिसेंबरात हीटरचे बिल किती येईल, हे तर तुमच्या हिशेबात आलेलेच नाही. मासे छंद म्हणून पाळा. छंदाला खर्च असतो आणि तुमच्या पगारात तो बसतो.

राहिला मूळ प्रश्न. चार फूट बाय दीड बाय दीड म्हणजे नऊ घनफूट, सुमारे २५० लिटर. वाळू-दगड वजा जाता २१० धरा. खोक्यावर छापलेला ताशी लिटरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंग भरल्या आणि पाणी कॅबिनेटमधून वर चढवले की, प्रत्यक्षात तो बराच घटतो. त्यामुळे दोन खोक्यांवरच्या ताशी १,००० विरुद्ध १,४०० लिटर या तुलनेत फार गुंतू नका. डब्यात रिंग किती मावतात ते पाहा, कारण अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तिथेच राहतात. जर्मन फिल्टर २० वॅटचा आहे आणि चिनी ३५ वॅटचा. दोन्ही चोवीस तास चालणार, म्हणजे महिन्याला अकरा युनिटांचा फरक. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला तेराशे आणि दहा वर्षांत तेरा हजार. यूपीआयच्या किमतीतला फरक १४,००० आहे, तेव्हा दीर्घकाळ टिकणार असेल तर महाग फिल्टर चैन ठरत नाही. मात्र हा हिशेब रोखीचा आहे. कार्डाच्या व्याजावर घेतल्यास तो कधीच जुळणार नाही.

म्हणून घाई करू नका. मार्चच्या बोनसमधून टर्म विम्याचा हप्ता बाजूला काढा, १ लाख रुपये नव्या एफडीत टाका आणि जे उरेल त्यातून २२,५०० चा फिल्टर यूपीआयने घ्या. तोपर्यंत सध्याचा, टाकीवर बसणारा टॉप फिल्टर चालवा, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला आणि स्पंज नळाच्या पाण्याखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात आणि पाणी गढूळ होण्याची तुमची तक्रार बहुधा तिथूनच येते.

फिल्टर घेताना दुकानदाराला इम्पेलर (पाणी ढकलणारा पंख्यासारखा भाग) आणि झाकणाची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) सुटी मिळते का, ते विचारा आणि एक ओ-रिंग त्याच वेळी घेऊन ठेवा. ती कडक झाली की, कॅबिनेटच्या तळाशी प्लायवूड फुगू लागते आणि तिसऱ्या मजल्यावरून पाणी झिरपले तर खालच्या शेजाऱ्यांच्या छताचे रंगकाम तुम्हालाच करून द्यावे लागेल. वीज काही तास गेली असेल, तर कॅनिस्टर तसाच सुरू करू नका. बंद डब्यातले पाणी कुजते, ते आधी ओतून टाका. बॅटरीवरचा हवेचा पंप काही शे रुपयांत येतो, तोही घ्या. नवा फिल्टर लावल्यावर जुना लगेच काढू नका. पाच-सहा आठवडे दोन्ही एकत्र चालू द्या.