केटल बंदच होत नाही? आधी झाकण बघा, सर्व्हिस सेंटर मग

पाणी खळखळ उकळलं तरी केटल बंद होत नाही, प्लग हाताला चटका देतो, रूममेट म्हणतो बिल हिच्यामुळेच वाढलं, आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने "पाण्यात क्षार आहेत, वॉरंटीत बसत नाही" म्हणून फोंड्याला परत धाडलं. तुमची पोस्ट वाचून माझं जुनं दुखणं वर आलं. हेच वाक्य, अगदी याच चालीवर, मीही ऐकलंय. मी इलेक्ट्रिशियन नाही, तेव्हा वायरिंगचं शेवटचं बोलणं त्याच्याकडूनच ऐका.

प्लगचं आधी, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. 1500 वॉटची केटल 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर ओढते. छोटं सॉकेट असतं 6 अँपिअरचं. त्यात तुम्ही मोठ्या पिनांचा प्लग कन्व्हर्टर लावून बसवलाय. आतली पकड जरा सैल झाली की तिथेच गरम होतं आणि प्लास्टिक तपकिरी पडत जातं. घरमालक "आजवर चाललंच ना" म्हणेल, म्हणू दे. 16 अँपिअरचं सॉकेट मागून घ्या. फ्रिजचं किंवा गीझरचं रिकामं असेल तर तूर्त तिथे लावा. एक्स्टेन्शन बोर्ड हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता बंद न होण्याचं. या साध्या केटलमधलं बटण पाणी किती तापलं ते मोजत नाही, त्याला कळते ती वाफ. झाकण बंद असलं की वाफ कोंडते आणि मागच्या बाजूला, मुठीजवळच्या फटीतून किंवा आतल्या नळीतून बटणाजवळच्या धातूच्या छोट्या चकतीपर्यंत पोचते. दोन धातूंची ती चकती तापली की टक्कन उलटी वाकते आणि बटण पाडते. वाफ दुसरीकडूनच निसटली तर चकतीला पत्ता लागत नाही, केटल उकळतच राहते. माझ्या केटलचं तेच झालं होतं. झाकणाचा खटका पुरता बसत नव्हता, तोटीच्या बाजूला केसभर फट राहायची. लाकडी चमच्याने झाकण दाबून धरलं की बटण मुकाट्याने पडायचं.

सर्व्हिस सेंटरच्या माणसाला हे सांगितलं, दाखवतो म्हटलं. त्याने केटल साधी प्लगला लावली नाही. मोबाईलचा टॉर्च मारून आत डोकावला आणि कार्डावर "हार्ड वॉटर" लिहून मोकळा. आत पांढरा थर नव्हताच, तळाला चार तांबूस ठिपके होते. आमच्याकडच्या जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरीच्या पाण्यात लोह असतं, त्याचे ते. बरं, थर असता तरी हा दोष त्याने होत नाही. क्षार साचले की तळ वाजवीपेक्षा जास्त तापतो आणि कोरडी केटल जळू नये म्हणून तळाखाली दुसरी चकती असते, ती वेळेआधीच वीज तोडते. म्हणजे क्षारांनी केटल लवकर बंद पडेल. माझी बंदच होत नव्हती. हे त्याला समजावत होतो तोवर त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचा मिक्सर हातात घेतला होता.

कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. गोल गोल फिरत राहा! माझं ठाम मत, पटलं तर घ्या: वॉरंटी नाकारली की काउंटरवर वाद घालू नका, नकाराचं कारण जॉब कार्डवर स्पष्ट लिहून मागा, बंद झाकणाने केटल उकळत राहते याचा व्हिडिओ काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. माझं गाडं तिथूनच हललं. शेवटी नुसतं झाकण बदलून मिळालं, पण ते येईपर्यंत पावसाळा उलटला होता. सगळ्यांनाच असा अनुभव येईल असं नाही, चांगली सेंटरंही असतील.

रूममेटसाठी हिशोब. एक लिटर पाणी 27 अंशांवरून उकळायला सुमारे 0.085 युनिट लागतं, वाया जाणारी उष्णता धरून 0.1 समजा. म्हणजे एका युनिटात दहाएक लिटर. पण उकळल्यावरही केटल चार मिनिटं चालू राहिली की आणखी 0.1 युनिट गेलं, वाफेवारी. तुमचं बिल वाढत असेल तर ते असं. बाकी बचत एवढीच, की दोन कप हवेत तर दोन कपच भरा, फक्त किमान खुणेच्या खाली नको. पावसात व्होल्टेज 180 वर आलं की 1500 वॉटची केटल जेमतेम 900 वॉट देते. वेळ दीडपटीहून जास्त लागतो, युनिटं जवळजवळ तेवढीच. तेव्हा केटलला शिव्या घालू नका.

दूध आणि मॅगी केटलमध्ये नको. तळाला करपून बसलं की तीच खालची चकती सारखी तोडत राहते. उकड्या तांदळाची पेज करताना मात्र केटलचं उकळतं पाणी टोपात ओता, गॅस वाचतो. चवथीला, म्हणजे गणपतीत, दोन्ही शेगड्या नेवऱ्यांनी (करंज्यांनी) अडवलेल्या असतात, तेव्हा चहाचं पाणीही तिच्यावरच. ठिपके-थर काढायला पाण्यात लिंबाचा रस घालून उकळा, अर्धा तास ठेवा, दोनदा विसळा. माडाचं व्हिनेगरही चालतं, पण मग दोन दिवस चहाला वास येतो आणि घरचे विचारतात.

तुम्ही आज एवढं करा. अर्धी केटल भरा, झाकण लाकडी चमच्याने दाबून धरा, हात वाफेपासून लांब. बटण पडलं तर दोष झाकणाचा. नाही पडलं तर प्लग काढून, केटल गार झाल्यावर वाफेची फट जुन्या टूथब्रशने साफ करा आणि पुन्हा बघा. तरीही नाही पडलं तर चकती किंवा बटण गेलं असेल. मग केटल वापरू नका, आणि वॉरंटी आहे तोवर तळाचा एकही स्क्रू उघडू नका, नाहीतर नाकारायला त्यांना आयतं कारण मिळेल. काय निघालं ते इथे लिहा.