शाळा मुलाने निवडायची की आईने?

प्रश्न: आम्ही मूळचे डिचोलीचे. सासऱ्यांच्या पोर्तुगीज कागदपत्रांवर ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडात स्विंडनला आलो. दोघंही वेअरहाउसमध्ये शिफ्ट करतो. माझं शिक्षण मराठीतून झालं, इंग्रजी कामापुरतं. मुलगा इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात आहे, पुढच्या सप्टेंबरात सेकंडरीला जाईल. काउन्सिलची (इथली नगरपालिका) पत्रं तोच वाचून सांगतो आणि मित्र जाणार तीच शाळा हवी म्हणतो. प्रवेशाच्या फॉर्मवर शाळा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या असतात. हे म्हणतात, एकाच शाळेचं नाव लिहू, म्हणजे तीच मिळेल. शाळेने इंटरव्ह्यूला बोलावलं तर मी काय बोलू, या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर: आधी झोपेचं बघू. इंटरव्ह्यू होणारच नाही. इंग्लंडातल्या सरकारी खर्चाच्या शाळांना प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घ्यायला मनाई आहे, अपवाद फक्त निवासी शाळांचा. तुमची मातृभाषा कोणती, पगार किती, हेही प्रवेश देताना विचारता येत नाही. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलाखती बंद केल्या, तरी आयांच्या मनातली धास्ती गेलेली नाही. तुमच्या इंग्रजीमुळे मुलाची जागा जाणार नाही.

एकच नाव मात्र कृपा करून लिहू नका. तुम्ही कुठल्या शाळेला कितवा क्रमांक दिलात, हे प्रवेश ठरवताना शाळा बघूच शकत नाही. प्रत्येक शाळा आपल्या नियमाने, बहुतेक वेळा भावंडं आणि घरापासूनचं अंतर बघून, मुलांची यादी लावते. मुलाला जिथे जिथे जागा मिळत असेल, त्यातली तुमच्या पसंतीत सगळ्यात वरची शाळा काउन्सिल देते. एकच नाव लिहिलंत आणि तिथे जागा नसली, तर जिथे उरली असेल ती शाळा पदरात पडते, मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाला का असेना. म्हणून सगळे रकाने भरा. मागच्या वर्षी किती अंतरापर्यंतच्या मुलांना प्रवेश मिळाला, हे काउन्सिलला विचारा आणि त्यात तुमचं घर बसेल अशी एक तरी शाळा यादीत ठेवा.

आता मुलाचं. मित्र हे त्याच्यासाठी खरं कारण आहे, ते ऐकून घ्या. पण कुणी त्रास दिला तर शाळा काय करते, मागे पडलेल्या मुलाला कोण हात देतं, हे विचारणं दहा वर्षांच्या पोराचं काम नाही. शाळेच्या बोलण्यात त्याला दुभाष्या करू नका. दुभाष्या मिळेल का, हे शाळेला आधी ईमेलने विचारा. नाही म्हणाले, तर शिफ्टमधली जिची मुलं सेकंडरीत आहेत अशी एखादी बाई सोबत न्या. पत्रं तर फोनच्या कॅमेऱ्यानेही मराठीत वाचता येतात.

ओपन इव्हनिंगला, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या संध्याकाळी, सगळं सजवलेलं असतं, त्यामुळे जमल्यास दिवसा, शाळा चालू असताना जा. तास संपतो तेव्हाची पाच मिनिटं नीट बघा. शिक्षक दारात उभे असतात का, मुलांना नावाने हाक मारतात की नुसते ओरडतात, धक्काबुक्की झाली तर पुढे कोण येतं. हे बघायला इंग्रजी लागत नाही. एक प्रश्न तेवढा पाठ करून जा: इंग्रजी कमी येणाऱ्या पालकांशी तुम्ही संपर्क कसा ठेवता? उत्तर देताना ते तुमच्याकडे बघून बोलतात की मुलाकडे, यावरून मला तर शाळा बरीच कळते. येण्याजाण्याचा रस्ताही अंधारात एकदा चालून बघा. डिसेंबरात चारलाच दिवस मावळतो आणि तुम्ही दोघं कामावर असाल तेव्हा तो एकटाच येणार आहे.

अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, उत्तर १ मार्चच्या सुमारास येतं. मिळालेली शाळा मनासारखी नसली तरी लगेच नाकारू नका. ती स्वीकारूनही वरच्या पसंतीच्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव ठेवता येतं आणि अपीलही करता येतं. अपील स्वतंत्र पॅनेलपुढे चालतं. तिथे दुभाष्या लागणार असेल, तर ते अपिलाच्या फॉर्मवरच लिहा.