एक्सपीएस गेला, एक्सपीएस परत आला, मधल्यामध्ये तुमचं काय?

लॅपटॉपच्या नावांबद्दलचे प्रश्न इतके साठलेत की यावेळी दुसरं काही घेतच नाही. डेलवाले सगळ्यात जास्त, मग एचपीवाले, आणि मधूनच एखादा थिंकपॅडवाला.

प्रश्न : सर, माझ्याकडे एक्सपीएस 13 आहे. मध्यंतरी ऐकलं की डेलनी एक्सपीएस हे नावच बंद केलं, आता परत नव्या एक्सपीएसच्या जाहिराती दिसतायत. नक्की काय झालं?

तुमचं ऐकण्यात काही चुकलं नाही, दोन्ही खरं आहे. जानेवारी 2025 मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात डेलनी जाहीर केलं की एक्सपीएस, इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड, प्रिसिजन ही सगळी नावं टप्प्याटप्प्यानं बंद आणि त्यांच्या जागी तीनच नावं. घरच्या वापराला नुसतं डेल, ऑफिसला डेल प्रो, आणि थ्रीडी, इंजिनीयरिंग वगैरे जड कामवाल्यांना डेल प्रो मॅक्स. आणि त्या तिघांत परत बेस, प्लस, प्रीमियम अशा पायऱ्या. गेमिंगचं एलियनवेअर तेवढं वाचलं.

मग जून 2025 मध्ये डेल 14 प्रीमियम आणि डेल 16 प्रीमियम आले, आणि ज्यांनी कोणी आधीचा एक्सपीएस हाताळला होता त्यांना झाकण उघडल्या उघडल्या कळलं की अरे हा तर तोच, फक्त बारसं दुसऱ्या नावानं केलंय. आणि पहिल्या घोषणेनंतर बरोबर एक वर्षानं, जानेवारी 2026 ला, त्याच प्रदर्शनात कंपनी एक्सपीएस 14 आणि एक्सपीएस 16 घेऊन हजर! यावेळी झाकणावर सुद्धा डेलच्या गोल चिन्हाऐवजी एक्सपीएस हीच अक्षरं.

मला विचाराल तर त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट परत आली ती जास्त महत्त्वाची, वरच्या रांगेतल्या खऱ्या फंक्शन कीज, म्हणजे एस्केप, एफ1, एफ2 वगैरे. 2022 च्या एक्सपीएस 13 प्लसपासून तिथे नुसती टचची पट्टी दिली होती, दिसायला भारी, पण एस्केप दाबायचं म्हटलं की मान खाली घालून बोट कुठं पडतंय ते बघायचं, टाइप करता करता सारखं. नाव परत आणल्याचं कौतुक करायचं तर आधी या कीजचं करा.

प्रश्न : नाव गेलं म्हणजे जुन्या इन्स्पिरॉनची सर्व्हिस, ड्रायव्हर, बॅटरी सगळं गेलं का?

नाही हो. वॉरंटी तुमच्या मशीनवर असते, झाकणावरच्या नावावर नसते. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये तुमचा लॅपटॉप 'इन्स्पिरॉन' म्हणून नाही तर सर्व्हिस टॅगनं ओळखला जातो.

आत्ता हातात असेल तर करूनच बघा. लॅपटॉप बंद करा, उलटा करा, खालच्या प्लेटवर बारीक अक्षरात सर्व्हिस टॅग असं लिहिलेलं असेल, पुढं इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून सात. मांडीवर वापरून वापरून पुसलं असेल तर चालू करताना एफ2 दाबत राहा, बायोस म्हणजे विंडोजच्या आधीचा सेटिंगचा पडदा उघडतो, त्यात पहिल्याच पानावर तो असतो. हा टॅग डेलच्या सपोर्ट साइटवर टाकला की वॉरंटी कधी संपते, आत कुठला पार्ट बसवून पाठवला होता, कुठले ड्रायव्हर (पार्ट चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) लागतात, सगळं निघतं. त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवून द्या, मशीन चालूच होईना तेव्हा तो शोधत बसायला नको.

आणि हे का सांगतोय ते पण ऐका, कारण मॉडेल नंबर पण दगा देतो. एक्सपीएस 13 चं 9350 हे मॉडेल 2015 साली आलं, आणि 2024 ला परत एक्सपीएस 13 आला त्याचाही नंबर 9350! पहिल्याला जुनी चपटी यूएसबी, मेमरी कार्डचा खाचा, हेडफोनचं भोक सगळं होतं, दुसऱ्याला दोन टाइप-सी सोडून काहीच नाही, हेडफोनचं भोकसुद्धा नाही. आता तुम्ही नुसतं '9350 ची बॅटरी' म्हणून शोधलंत की दोन्ही पिढ्यांच्या बॅटऱ्या एकाच यादीत येणार. म्हणून पार्ट मागवायच्या आधी टॅग टाकून बघा, नाहीतर खालची प्लेट उघडून जुन्या बॅटरीवरच्या स्टिकरवर डीपी/एन म्हणून जो नंबर असतो तो जुळवा. एक्सपीएसच्या प्लेटला बारीक टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, घरातला नेहमीचा चौफुलीचा घालून स्क्रूची डोकी खराब करू नका. आणि टचपॅड जर मधूनच वर उचलल्यासारखा वाटत असेल, क्लिक होत नसेल, तर बॅटरी फुगलेली असायची दाट शक्यता, अशा वेळी चार्जिंग बंद, स्वतः टोकरायचं नाही, सरळ सर्व्हिसवाल्याकडे.

प्रश्न : चांगलं चाललेलं नाव कंपन्या बदलतात तरी कशाला? मार्केटिंगवाल्यांना काम नसतं का?

काम असतं हो, उलट जास्तच असतं, तिथेच तर घोळ होतो. डेलकडे बघा. एक्सपीएस 1993 पासूनचं नाव, एक्स्ट्रीम परफॉर्मन्स सिस्टिम, तेव्हा ते डेस्कटॉपचं होतं. मग लॅटिट्यूड, इन्स्पिरॉन, प्रिसिजन, पुढं 2007 ला व्होस्ट्रो, मग स्टुडिओ, प्रत्येक वेळी नवीन गिऱ्हाईक दिसलं की नवीन नाव. तीसेक वर्षांनी मागं वळून बघितलं तर माळ्यावर टाकलेल्या सामानासारखं झालेलं, काय कशासाठी आणलं होतं ते घरच्यांनाही आठवेना. गिऱ्हाईक विचारतं इन्स्पिरॉन आणि व्होस्ट्रोत फरक काय, आणि विकणारा पण नुसता बघतच राहतो. तेव्हा आवरायला घेतलं यात चूक काहीच नव्हती.

चूक झाली ती काय टाकायचं यात. लॅटिट्यूड ऑफिसात कंपनीची आयटीवाली माणसं घाऊक घेतात, त्यांना नावाचं काही पडलेलं नसतं. एक्सपीएस मात्र माणूस स्वतःहून मागायचा. 2015 ला पातळ कडांच्या स्क्रीनचा एक्सपीएस 13 आला तेव्हापासून विंडोजमध्ये चांगला छोटा लॅपटॉप कुठला असं कोणी विचारलं की हे नाव तोंडात यायचंच, विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे तर 2012 पासून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घातलेला एक्सपीएस 13 घेत होते. अशी ओळख पैसे टाकून विकत मिळत नाही. आणि नव्या नावांत एक तर चक्क 'डेल प्रो मॅक्स 16 प्रीमियम'. प्रो पण, मॅक्स पण, वर प्रीमियम पण! अॅपलची नक्कल म्हणून लोक हसले ते उगाच नाही.

अॅपलनीही नाव बदललंय बरं का, 2006 ला पॉवरबुक आणि आयबुक ही दोन्ही चांगली चाललेली नावं काढून मॅकबुक आणि मॅकबुक प्रो केलं. पण तेव्हा आतला पॉवरपीसी प्रोसेसर जाऊन इंटेलचा आला होता, म्हणजे मशीनच बदललेलं, त्यामुळे नवीन नाव पचलं. आत तेच ठेवून नुसतं पाटी बदलली की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, मग कारण कितीही सरळ असू दे.

प्रश्न : एचपी पॅव्हिलियन घ्यायचा होता, आता सगळीकडे ऑम्नीबुक. हा कुठला नवीन प्रकार?

नवीन कसला, जुनाच आहे. ऑम्नीबुक हे एचपीचंच 1993 चं नाव, 2002 ला कॉम्पॅक विकत घेतल्यावर बंद पडलं होतं. मे 2024 मध्ये त्यांनी पेटीतनं काढून झटकलं आणि पॅव्हिलियन, एन्व्ही, स्पेक्टर या तिघांना त्याच्या पोटात घातलं. ऑम्नीबुक 3, 5, 7, मग एक्स, मग अल्ट्रा, अशी चढती भांजणी. पॅव्हिलियनच्या जागचं बघत असाल तर 3 आणि 5 पासून सुरू करा. नावं म्हणून मला हे डेलच्या प्रो-मॅक्सपेक्षा बरं वाटतं, निदान आकडा वाढला की मशीन वरचं एवढं तरी कळतं.

प्रश्न : थिंकपॅड आता आयबीएमचा नाही ना?

2005 पासून नाही, लेनोव्होचा आहे. पण नाव 1992 चं तेच, काळा रंग तोच, कीबोर्डच्या मधोमध तो लाल ठिपका तोच. मालक बदलला तरी नावाला हात लावला नाही, आणि वीस वर्षं झाली तरी लोक अजून आयबीएमचा समजून विचारतात, तुमच्यासारखेच.

प्रश्न : जुन्या नावाचा नवाकोरा एक्सपीएस 13 स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

घ्या, पण नावावर जाऊन घेऊ नका. 2024 मध्ये एक्सपीएस 13 एकाच नावानं तीन प्रकारचा विकला गेला, 9340, 9345 आणि 9350. 9340 आणि 9350 मध्ये इंटेलचे प्रोसेसर, पण दोन वेगळ्या पिढ्यांचे, 9350 मधला बॅटरीच्या बाबतीत बराच पुढचा. 9345 मध्ये मात्र क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन. बाहेरून तिघं शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. स्नॅपड्रॅगनवाल्याची बॅटरी भरपूर चालते, ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ कॉल याला काही अडत नाही, पण जुना स्कॅनर, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची डोंगल की (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली), काही गेम असं ज्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो ते त्याच्यावर चालेलच असं नाही, त्या चिपसाठी ड्रायव्हर वेगळा बनवावा लागतो आणि जुन्या वस्तूंसाठी तो सहसा कोणी बनवत नाही. तेव्हा तुमच्याकडे काय काय जोडता त्याची आधी एक यादी करा.

दुसरं, विकणाऱ्याकडून पैसे द्यायच्या आधी सर्व्हिस टॅग मागून घ्या आणि साइटवर टाका. खोका सीलबंद असला तरी वॉरंटीची तारीख मशीन कंपनीतून निघाली तेव्हापासून मोजलेली दिसू शकते, म्हणजे तुमच्या हातात यायच्या आधीच काही महिने संपलेले. तसं दिसलं तर बिल दाखवून तारीख दुरुस्त करून घेता येते, पण बिलावर तोच टॅग लिहिलेला पाहिजे. टॅग द्यायला का कू करत असेल तर सोडून द्या.