वाचक विचारतात : जपानी ट्रान्झिस्टर नुसती नक्कल होती का?

प्रश्न : ट्रान्झिस्टरचा, म्हणजे रेडिओतला संकेत मोठा करणाऱ्या चिमुकल्या भागाचा, शोध अमेरिकेत लागला, पण ट्रान्झिस्टर रेडिओंनी बाजार भरला तो जपानने. नक्कल आणि स्वस्त मजुरी, एवढंच ना त्यामागे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मजुरीचं खरं आहे. नुकती शाळा सोडलेल्या मुली कारखान्याच्या वसतिगृहात राहायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या तारा जोडायच्या. 'ट्रान्झिस्टर गर्ल्स' म्हणत त्यांना. पण नक्कल?

सोनीचंच घ्या. तेव्हा तिचं नाव होतं टोकियो त्सुशिन कोग्यो. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने २५,००० डॉलरला ट्रान्झिस्टरच्या पेटंटचा परवाना दिला, करायचं कसं ते नाही. वर सल्ला दिला, श्रवणयंत्रं बनवा. डॉलर बाहेर पाठवायला जपानी सरकारी खात्याने खळखळ केली ती वेगळीच. १९५४ मध्ये कंपनीचे काझुओ इवामा अमेरिकेला गेले. दिवसा कारखाने पाहायचे, रात्री हॉटेलात बसून आठवेल ते आकृत्या काढून घरी कळवायचं. त्या पत्रांवरून सहकाऱ्यांनी, इवामा परतायच्या आतच, चालता ट्रान्झिस्टर करून दाखवला.

रेडिओसाठी मात्र ट्रान्झिस्टरला जास्त फ्रिक्वेन्सी झेपायला हवी होती. तो तेव्हा जर्मेनियम या मूलद्रव्याचा करत आणि त्यात अँटिमनीची किंचित भेसळ करत. सोनीने तिच्याऐवजी फॉस्फरस घालून पाहिला. ट्रान्झिस्टरचा शोध जिथे लागला त्या बेल लॅब्जने हा नाद आधीच सोडला होता. फॉस्फरस किती वाढवता येतो हे तपासताना सोनीच्याच लिओ एसाकींना १९५७ मध्ये टनेल डायोड हा नव्याच प्रकारचा इलेक्ट्रॉनिक भाग सापडला. त्यावर १९७३ चं नोबेल मिळालं. ही नक्कल म्हणायची तर म्हणा!

माझ्या मते खरं कारण वेगळंच. मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरला सोल्डर मारताना उष्णता ओढून घ्यायला नोजप्लायरने त्याचा पाय धरला नाही, तर तो गेलाच समजा. उष्णता अजिबात सोसत नाही. अमेरिकी लष्कराला म्हणून जास्त उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर हवे होते, आणि तिथल्या कंपन्या त्या मोठ्या ऑर्डरींमागे गेल्या. वास्तविक १९५४ चा रिजन्सी हा बाजारात आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेचाच, आतले ट्रान्झिस्टर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे. सोनीचा टीआर-५५ हा रेडिओ आला १९५५ मध्ये. पण घरगुती रेडिओत जर्मेनियम छान चालतो, आणि तो धंदा जपान्यांनी मन लावून केला.

१९५७ चा टीआर-६३ तर 'खिशात मावणारा' म्हणून विकला. तो नेहमीच्या खिशात मावत नव्हता, म्हणून विक्रेत्यांना मोठ्या खिशाचे शर्ट शिवून दिले! १९५९ पर्यंत नगांच्या हिशेबात जपान ट्रान्झिस्टर करण्यात जगात पहिला होता.