सेशन, कन्सिस्टरी, क्लासिस : चर्चच्या सभांची नावं आणि त्यांचे अधिकार (वाचकांची प्रश्नोत्तरे)

प्रश्न : माझा भाचा मिशिगनमध्ये रिफॉर्म्ड चर्चमध्ये डीकन झाला. तो म्हणतो, ‘मी कन्सिस्टरीत आहे.’ त्याचा शेजारीही रिफॉर्म्ड आणि डीकनच, पण म्हणतो, ‘मी कन्सिस्टरीत नाही, कौन्सिलमध्ये आहे.’ खरं कोणाचं?

दोघांचंही. रिफॉर्म्ड म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतली प्रोटेस्टंट चर्च. ती अनेक आहेत आणि हे दोघं वेगवेगळ्या चर्चचे असणार. ‘रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिका’मध्ये पाळक (मिनिस्टर, धर्मगुरू), वडील (एल्डर, देखरेखीसाठी निवडलेले सभासद) आणि डीकन (मदतकार्य पाहणारे पदाधिकारी) या तिघांची मिळून कन्सिस्टरी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी सभा होते. ‘ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च’मध्ये कन्सिस्टरी म्हणजे फक्त पाळक आणि वडील, डीकन आले की त्याच सभेला कौन्सिल म्हणतात.

हा गोंधळ जुना आहे. रिफॉर्म्ड चर्च मानतात त्या 1561 च्या बेल्जिक विश्वासपत्राच्या 30 व्या कलमात पाळक, वडील आणि डीकन मिळून मंडळीची (म्हणजे स्थानिक चर्चची) कौन्सिल होते असं म्हटलं आहे. 1618-19 च्या डॉर्ट सिनडच्या (नेदरलँड्समधल्या चर्चप्रतिनिधींच्या सभेच्या) नियमावलीत मात्र कन्सिस्टरी पाळक आणि वडिलांची. वडील फारच थोडे असतील तर डीकनांनाही घ्यावं, अशी सवलत. एका चर्चनं एक धागा धरला, दुसऱ्यानं दुसरा.

भाच्याला एवढंच सांगा की इतिवृत्तावरचा मथळा वाचायचा. शिस्तीचं किंवा प्रभुभोजनातल्या सहभागाचं प्रकरण वडिलांकडे असतं, इमारत आणि पैसा बहुधा सगळ्यांकडे. डीकन बसलेल्या बैठकीत शिस्तीचा ठराव झाला, तर पुढे तो याच मुद्द्यावर अडतो. प्रेसबिटेरियन चर्चमध्ये (त्याच परंपरेतली, पण स्कॉटलंडच्या वळणाची चर्च) हा प्रश्नच येत नाही. तिथे पाळक आणि वडील यांची सेशन असते (स्कॉटलंडमध्ये कर्क सेशन) आणि डीकनांचं मंडळ वेगळं.

प्रश्न : प्रेसबिटरी आणि क्लासिस हे एकाच गोष्टीचे इंग्रजी आणि डच शब्द आहेत का?

कामाच्या यादीवरून तसं वाटतं. एका भागातल्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील एकत्र बसतात, उमेदवारांची परीक्षा घेतात, मंडळ्यांवर देखरेख करतात. पण अधिकार मुळात कुठे असतो, याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं आहे.

प्रेसबिटरी ही कायमची संस्था. पाळकाचं सभासदत्व मंडळीत नसतं, प्रेसबिटरीत असतं. मंडळी पाळकाला निवडते, पण प्रेसबिटरीच्या संमतीशिवाय त्याची नेमणूक होत नाही आणि मंडळी त्याला परस्पर काढूही शकत नाही. प्रेसबिटेरियन लोक या सभांना ‘कोर्ट’ म्हणत आले. त्यांत खालचं कोर्ट आणि वरचं कोर्ट असतं.

डच परंपरेत वरचं-खालचं म्हणणं टाळतात. तिथे ‘मोठी सभा’ आणि ‘लहान सभा’. मूळ अधिकार कन्सिस्टरीचा. क्लासिसला मंडळ्या प्रतिनिधी पाठवतात, हातात कन्सिस्टरीचं अधिकारपत्र देऊन. ते पत्र तपासून झाल्याशिवाय सभा रीतसर सुरू होत नाही. लहान सभेत जे सुटलं नाही किंवा जे सगळ्यांचं सामायिक आहे, तेवढंच मोठ्या सभेत यावं, असा डॉर्टचा नियम. काटेकोर डच भूमिकेनुसार सभा उठली की क्लासिसही संपते, उरतात त्या तिने नेमलेल्या समित्या. ‘रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिका’ मूळची डच, पण तिथले पाळक क्लासिसचे सभासद असतात, म्हणजे ते चर्च मधल्या वाटेवर आहे.

क्लासिसची सभा कशी चाले ते डॉर्टच्या 41 व्या कलमात दिसतं. अध्यक्ष एकेका मंडळीला विचारतो : कन्सिस्टरीच्या बैठका होतात का? शिस्त पाळली जाते का? गरिबांची आणि शाळांची काळजी घेतली जाते का? क्लासिसची मदत कशात हवी आहे का? माझ्या मते या पद्धतीचा प्राण शेवटच्या प्रश्नात आहे. घाईत अनेक ठिकाणी तोच ‘काही नाही’ म्हणून उरकतात आणि भांडण हाताबाहेर गेल्यावर क्लासिसला कळतं.

प्रश्न : सिनड ही सर्वोच्च सभा ना?

चर्चवर अवलंबून. ‘ख्रिश्चन रिफॉर्म्ड’मध्ये हो. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रेसबिटेरियन चर्चमध्ये ती प्रेसबिटरी आणि जनरल असेंब्ली (संपूर्ण चर्चची सर्वोच्च सभा) यांच्या मधली पायरी. चर्च ऑफ स्कॉटलंडने ती पायरी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला काढूनच टाकली. नुसतं ‘सिनडचा निर्णय’ वाचून काही ठरवू नका.

प्रश्न : मॉडरेटर म्हणजे प्रेसबिटेरियनांचे बिशपच का?

नाही. मॉडरेटर सभा चालवतो. कर्क सेशनमध्ये सहसा पाळकच मॉडरेटर असतो. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीचा मॉडरेटर वर्षभरासाठी असतो आणि एडिंबरोला मे महिन्यात भरणाऱ्या सभेत खुर्चीवर बसतो. वर्षभर तो चर्चच्या वतीने फिरतो, पण कुठल्या पाळकाची बदली करण्याचा अधिकार त्याला नाही. नियमांची खरी माहिती क्लार्ककडे (सभेच्या सचिवाकडे) असते, म्हणून अडचण आली की पत्र त्याच्याकडे पाठवावं.

प्रश्न : सेशनचा निर्णय मान्य नसेल तर थेट जनरल असेंब्लीला लिहावं का?

तसं लिहिलेलं पत्र बहुधा परत येतं. आधी आपल्याला नेमकं काय करायचं आहे ते ठरवा. सभेत बसलेल्या सभासदाला नुसता विरोध नोंदवायचा असेल तर तो ‘डिसेंट’. तो निर्णयाच्या वेळीच इतिवृत्तात लिहून घ्यावा लागतो. गैरहजर असलेल्याला नंतर तो नोंदवता येत नाही. निर्णय बदलून हवा असेल तर ‘अपील’, एक पायरी वरच्या सभेकडे, म्हणजे सेशनवरून प्रेसबिटरीकडे. त्यासाठी लेखी कारणं लागतात आणि मुदत ठरलेली असते. त्या त्या चर्चच्या नियमपुस्तकात मुदतीचे दिवस आणि अर्ज कोणत्या क्लार्ककडे द्यायचा, हे आधी पाहा. बरीच अपिलं गुणदोषावर नव्हे, उशिरामुळे पडतात. ‘अन्याय झाला’ एवढंच लिहू नका. कोणता नियम मोडला, कोणाला बोलू दिलं नाही, कोणता कागद पाहिला नाही, हे लिहा.

नियमच बदलायचा असेल तर ‘ओव्हर्चर’, म्हणजे लेखी प्रस्ताव. इथे धीर लागतो. स्कॉटलंडच्या 1697 च्या बॅरियर ॲक्टनुसार मूलभूत बदल असेंब्लीने पसंत केला तरी तो सगळ्या प्रेसबिटऱ्यांकडे जातो आणि बहुसंख्यांचा होकार आल्यावरच पुढच्या असेंब्लीत कायदा होऊ शकतो. एका सभेच्या उत्साहात चर्चची घडी मोडू नये, यासाठी केलेली ही तजवीज.

प्रश्न : मुंबईच्या स्कॉटिश मिशनवर प्रबंध लिहिते आहे. कागदपत्रांत ‘प्रेसबिटरी’ येते, ती कुणाची?

आधी साल पाहा. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले. 1843 मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि विल्सन फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले. 1870 मध्ये ते त्याच चर्चच्या जनरल असेंब्लीचे मॉडरेटर झाले. म्हणजे 1843 नंतरच्या कागदावर नुसतं ‘प्रेसबिटरी’ किंवा ‘असेंब्ली’ असेल तर ती चर्च ऑफ स्कॉटलंडची की फ्री चर्चची, हे शिक्का आणि सही पाहून ठरवा. अहमदनगरचं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणारं) होतं, तिथे प्रेसबिटरी शोधू नका. कोल्हापूर-मिरजेकडचं अमेरिकन मिशन मात्र प्रेसबिटेरियन बोर्डाचं.

1924 मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात बिशप आहेत, सिनड आहे आणि सिनडच्या प्रमुखाला मॉडरेटर म्हणतात. हा मॉडरेटर बिशप असतो, त्यामुळे वरच्या उत्तरातला मॉडरेटर इथे लावू नका.

प्रश्न : या संज्ञा मराठीत कशा आणाव्यात?

एल्डरसाठी ‘वडील’ आणि मिनिस्टरसाठी ‘पाळक’ हे शब्द मराठी मंडळ्यांत रुळलेले आहेत, ते बिनधास्त वापरा. डीकनला मराठी बायबलमध्ये ‘सेवक’ आहे, पण मिशनचा पगारी ‘सेवक’ही त्याच शब्दानं ओळखला जातो, म्हणून पदासाठी ‘डीकन’च ठेवा. मॉडरेटरला ‘अध्यक्ष’ करण्याचा मोह टाळा. फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच वचनात ‘अध्यक्ष व सेवक’ असं येतं आणि तिथला अध्यक्ष म्हणजे मूळ ग्रीकमधला एपिस्कोपोस, ज्याचा पुढे बिशप झाला. सेशनचं ‘सत्र’ तर अजिबात करू नका; वाचकाला विधिमंडळाचं अधिवेशन आठवेल. सेशनपासून असेंब्लीपर्यंतच्या सभांसाठीची ‘गव्हर्निंग बॉडी’ ही संज्ञा अमेरिकेतल्या त्या मोठ्या प्रेसबिटेरियन चर्चने 2011 च्या नव्या नियमावलीत सोडून ‘कौन्सिल’ घेतली. त्याआधीचा मजकूर असेल तर ‘शासक सभा’, नंतरचा असेल तर ‘कौन्सिल’ लिहा आणि तारीख तळटीपेत द्या.